पॅड, डिस्क आणि किरकोळ

४ मार्च, मंगळवार
ब्रेक दाबला की गाडीच्या पुढच्या बाजूने खर्र असा आवाज येतो. रेडिओ मोठा केला की येत नाही. बायकोचं म्हणणं, रेडिओ मोठा करणं हा इलाज नव्हे, गॅरेजला दाखवा. मुलगी बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आहे. जावई कामानिमित्त परगावी. डॉक्टरांनी महिनाअखेर सांगितली आहे. हॉस्पिटलात नेण्याची जबाबदारी मी आपणहून घेतली आहे. मुलीने मध्ये टॅक्सीचं नाव काढलं होतं, ते मी तिथल्या तिथे हाणून पाडलं. घरची गाडी दारात असताना टॅक्सी कशाला?
उद्या गॅरेज. सकाळी सातला उठणार.

५ मार्च, बुधवार
नऊला उठलो. गॅरेज काही पळून जात नाही.
कोपऱ्यावरचा मेकॅनिक कायम मान वाकडी करून असतो, कारण खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल. त्याच अवस्थेत त्याने चाक काढलं, आत डोकावला आणि मला हाक मारली, साहेब, इकडे या, बघा. मी गेलो नाही. माल दाखवून गिऱ्हाइकाला घाबरवायचं ही विक्रेत्यांची जुनी युक्ती आहे. मी पर्चेस खात्यात उगाच केस पिकवलेले नाहीत. खुर्च्या, पडदे, झेरॉक्सचा कागद, कशाचाही पहिला भाव मी आजवर मान्य केलेला नाही. म्हटलं, लेखी कोटेशन द्या.
दिलं. पुढचे पॅड ४२००. डिस्क घासून सपाट करणे १८००. ब्रेक ऑइल ९००. मजुरी १५००. आणि खाली, किरकोळ ४५०. एकूण ८८५०.
किरकोळ! विचारलं, म्हणजे काय? म्हणाला, किरकोळ म्हणजे किरकोळ. ग्रीस, साफ करायचा स्प्रे, चिंध्या.
चिंध्यांचे पैसे मी देणार!
म्हटलं, चाक लावा परत. तो म्हणाला, लावतो, पण जास्त चालवू नका, आत्ता डिस्क घासून भागतंय, नंतर बदलावी लागेल. मी नुसता हसलो. असं हसलं की समोरचा खचतो. हा खचला नाही, पण तो फोनवर होता.

८ मार्च, शनिवार
आमच्या खात्याचा नियम: तीन कोटेशनं आल्याशिवाय खरेदी नाही.
दुसरं कोटेशन काचेच्या शोरूममधून. सोफा, कॉफी, थंडगार एसी. टॅबलेट घेतलेल्या मुलीने माझं नाव विचारलं, मग बायकोचं, मग वाढदिवस. शेवटी २६,४००, त्यात गाडीचं अत्तर मोफत. कॉफी दुसऱ्यांदा घेतली आणि निघालो.
तिसरं, हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमधून. तिथल्या माणसाने गाडीला एक प्रदक्षिणा घातली, चाकावर लाथ मारली आणि म्हणाला, दोन हजारात करून देतो. काय करून देणार, विचारलं. म्हणाला, आवाज बंद करतो.
थोडक्यात, रास्त भाव २००० आणि २६,४०० यांच्या मध्ये कुठेतरी आहे. चित्र स्पष्ट होत चाललं आहे.

९ मार्च, रविवार
शेजारचे डेंटिस्ट जिन्यात भेटले. त्यांनी मागच्या वर्षी त्याच कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे ब्रेक करून घेतले. किती घेतले, विचारलं. म्हणाले, आठेक हजार असतील, आठवत नाही. किरकोळ लावलं होतं का? म्हणाले, बघितलं नाही हो.
बघितलं नाही! ज्याने जन्मभर लोकांना बिलं दिली, त्याला बिल वाचायची सवय कुठून असणार? साधा माणूस. वाईट वाटलं.

११ मार्च, मंगळवार
ऑफिसात एक्सेल शीट केली. आडव्या ओळीत गॅरेज, उभ्या रकान्यात पॅडची कंपनी, मजुरी, वॉरंटी, वागणूक, कॉफी. अकाउंट्सच्या बाई मागून वाचून म्हणाल्या, यात ‘पॅड किती उरलेत’ असा रकाना नाही. सांगितलं, ही भावांची तुलना आहे, गाडीची नव्हे. बाईंना विषय कळला नाही.
आवाज आता ब्रेक न दाबताही येतो. म्हणजे आवाजाचा ब्रेकशी संबंध नाही, हा माझा अंदाज बरोबर ठरतोय.

१३ मार्च, गुरुवार
आज थोडं काही घडलं. लिहून ठेवतो, कारण घरात विपर्यास होतोय.
मुलीला तपासणीला नेत होतो. बायको मागे तिच्याजवळ. पाण्याच्या टाकीच्या उतारावर सिग्नल लाल झाला. मी वेळेत ब्रेक दाबला. गाडी थोड्या उशिराने थांबली. पांढऱ्या पट्ट्याच्या जरा पुढे. जरा म्हणजे, एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होत्या, त्या मागे सरल्या. मी हँडब्रेक ओढला. शांत डोक्याने. दुसरा कोणी असता तर गडबडला असता.
मुलगी दोन्ही हात पोटावर घट्ट धरून बसली होती. बायको म्हणाली, उद्याच्या उद्या ब्रेक करून आणा, मला तुमचं काही ऐकायचं नाही. म्हटलं, घाईत खरेदी केली की विक्रेत्याच्या पथ्यावर पडतं. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं.
येताना मी ताशी वीसने आणली. मागून सगळे हॉर्न वाजवत होते. लोकांना धीर म्हणून नाही.

१४ मार्च, शुक्रवार
मेकॅनिकला फोन केला. किरकोळ काढा, गाडी आणतो. तो म्हणाला, काढलं असतं साहेब, पण आता परत बघावं लागेल, किती घासलंय त्यावर. बघा! माणूस दबतोय हे कळलं की भाव वाढवतात. फोन ठेवला. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१६ मार्च, रविवार
मुलगी हल्ली गाडीत बसत नाही. काल चालत गेली, आज डेंटिस्टांच्या बायकोबरोबर त्यांच्या गाडीतून. या दिवसांत चालणं चांगलंच. आणि बायकाबायकांना गप्पांना सोबत लागते.
बायको ऑफिसला बसने जाते. बसमध्ये वाचन होतं म्हणाली. तिच्या हातात पुस्तक दिसलं नाही.

१८ मार्च, मंगळवार
तोडगा निघाला. इतका सोपा की हसू आलं.
चार व्हिडिओ बघितले. ब्रेक पॅड बदलणं म्हणजे बिस्किटं डब्यात ठेवण्याइतकं सोपं काम आहे. पॅड आपण ऑनलाइन घ्यायचे (२१५०, तेही सवलतीत), आणि घरी येऊन काम करणारा माणूस बोलवायचा (७००). एकूण २८५०. बचत ६०००. कोपऱ्यावरच्याने मला लुटायला काढलं होतं हे आता आकड्यांनी सिद्ध झालं.
ऑर्डर दिली. मॉडेल निवडताना वर्ष विचारलं. गाडीचं वर्ष नक्की आठवेना, कागद कपाटात, कपाटाची किल्ली बायकोकडे, आणि बायको बोलत नाही. अंदाजाने टाकलं.
जेवताना बचतीचा आकडा सांगितला. मुलगी म्हणाली, बाबा, माझ्यासाठी नका हो एवढं करू. किती समंजस पोरगी.

२२ मार्च, शनिवार
पॅड आले. खोका मजबूत. वजनदार. हातात घेतल्यावर खात्री पटली.
घरी येणारा माणूस उद्या सकाळी दहाला.

२३ मार्च, रविवार
दहाचा माणूस दुपारी एक वाजता आला. तरतरीत होता. गाडी पार्किंगमध्येच जॅकवर चढवली, पुढचं डावं चाक काढलं, जुने पॅड काढले. माझा पॅड बसवायला गेला. बसेना. फिरवून बघितला. उलटा करून बघितला. हातोडीने दोनदा ठोकून बघितला. मग म्हणाला, हा तुमच्या गाडीचा नाही, जुन्या मॉडेलचा आहे.
म्हटलं, थोडं घासून बसेल का? त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच विषय बदलला.
जुने तरी परत लाव, म्हटलं. तो म्हणाला, यांच्यावर आता काही उरलंच नाही, नुसता पत्रा आहे, हे मी लावणार नाही. बरोबरचे पॅड घेऊन उद्या सकाळी येतो. ७०० घेऊन गेला. आगाऊ द्यायला नको होते, पण माणूस प्रामाणिक वाटला.
गाडी जॅकवर आहे. चाक जिन्याखाली. उद्या दुपारपर्यंत होऊन जाईल. डॉक्टरांनी महिनाअखेर म्हटलंय, भरपूर वेळ आहे.

२४ मार्च, सोमवार
माणूस आला नाही. फोन बंद. रजा टाकून घरी थांबलो.
साडेअकरा वाजता मुलीने आतून हाक मारली. आईला मारली, मला नाही. बायको धावली. मग बाहेर येऊन म्हणाली, निघायला हवं.
मी खाली धावलो. का धावलो माहीत नाही. गाडी जॅकवर, चाक जिन्याखाली. मी चाक गडगडवत बाहेर आणलं. बसवायचा प्रयत्न केला. हात काळे. दोन नट सापडेनात. बायको मुलीला धरून जिना उतरली. मुलीने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि रडता रडता हसली. तिला कळ आली तशी ती भिंतीला टेकली.
मी म्हणालो, दोन मिनिटं. बायको म्हणाली, बाजूला व्हा.
एवढंच.
डेंटिस्ट बनियनवरच आले, किल्ली बोटात. दवाखान्याच्या वेळेला घरी कसे होते विचारायचं राहिलं. त्यांनी गाडी मागे घेतली, दोघी मागे बसल्या. पुढची सीट रिकामी होती, पण माझे हात ग्रीसने माखलेले होते आणि कोणी या म्हणालं नाही. गाडी फाटकातून वळली. मी चाक धरून उभा होतो. सोडलं असतं तर घरंगळलं असतं.
मागून टॅक्सीने गेलो.

२५ मार्च, मंगळवार
काल दुपारी चार वाजता मुलगी झाली. मुलीला मुलगी. दोघी ठीक.
माझ्याकडे दिली तेव्हा मी तीन वेळा हात धुतले होते, तरी नखांत काळं होतं. तिने एक डोळा उघडला, बघितलं, मिटला. काय लिहू. काही लिहिता येत नाही.
जावई रात्रीत पोचला. पाया पडायला वाकला, तर मीच त्याचे खांदे धरले. माझी लाज त्याला दिसू नये म्हणून. पण बहुतेक त्याला फोनवर सगळं कळलेलं आहे. तो फार नम्रपणे वागतोय.
कॉरिडॉरमध्ये बायकोने कॉफी दिली. विचारलं, तुम्हाला ते पॅड बघायला बोलावलं होतं ना त्याने पहिल्याच दिवशी? म्हटलं, हो. का नाही गेलात? उत्तर तयार होतं. विक्रेत्यांची युक्ती वगैरे. ते तोंडात आलं आणि कॉफीबरोबर गिळलं.

२६ मार्च, बुधवार
गाडी उचलून कोपऱ्यावरच्या गॅरेजला नेली. मेकॅनिक फोनवर होता. या वेळी हाक मारायच्या आत मीच जाऊन बघितलं. डिस्कवर खोल चर पडलेत, बोट फिरवलं की लागतात. तो म्हणाला, आता घासून नाही चालणार. दोन डिस्क नव्या, पॅड, एका बाजूचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबून धरणारा भाग, ऑइल, मजुरी, उचलून आणल्याचे. १९,५००.
किरकोळ लावलं नव्हतं. मी विचारलंही नाही. हो म्हणालो. कोटेशन वाचायला वेळ लागला नाही.
तरी मनात आलं, दहा टक्के कमी करायला सांगावं. तोंड उघडलं. तो कानाचा फोन काढून ऐकायला थांबला. म्हटलं, शनिवारपर्यंत होईल ना? मुलीला घरी आणायचंय.

२९ मार्च, शनिवार
सकाळी गाडी मिळाली. स्वतः धुतली. मागच्या सीटवर स्वच्छ चादर, त्यावर मऊ दुलई, कडेला उशा. दुसरी खरेदी नको म्हणून उशा घरच्याच. टाकीच्या उतारावर मुद्दाम तीनदा थांबवून बघितली. पट्ट्याच्या आधी.
हॉस्पिटलच्या दारात आधीच डेंटिस्टांची गाडी उभी. बायको म्हणाली, त्यांना कालच सांगून ठेवलं होतं. मी ब्रेक झाल्याचं सांगितलं. डिस्कपण नव्या, म्हटलं. डेंटिस्ट संकोचले, म्हणाले, मग तुमच्यातूनच जाऊ दे, काही हरकत नाही. सगळे मुलीकडे बघू लागले.
मुलीने बाळाला छातीशी जरा वर धरलं. म्हणाली, बाबा, तुम्ही सामान घ्याल?
सामान पुष्कळ होतं. कोणीतरी घ्यायलाच हवं होतं. टब, दोन पिशव्या, थर्मास, जावयाची बॅग. दुलईवर सगळं नीट बसलं.
ते पुढे निघाले, मी मागे. अंतर ठेवून. त्यांच्या मागच्या काचेतून बायकोचं डोकं दिसत होतं, बाळावर वाकलेलं. ते थांबले की मी थांबत होतो. गाडी लोण्यासारखी थांबते. आवाज अजिबात नाही.