चार वेढे टेप

ता. ३ जून

चि. धाकट्यास दादाचे आशीर्वाद. ख्यालीखुशाली नंतर, आधी तक्रार.

माझी उजवी चप्पल ओली आहे. आज नऊ दिवस ओली आहे. बावन्न वर्षांच्या संस्कृतच्या शिक्षकाने दहावीच्या सुट्टीतल्या जादा वर्गात पचक पचक करत शिरावं आणि मागच्या बाकांनी त्यावर ताल धरावा, हे कोणत्या पापाचं फळ, याचं चिंतन मी केलं. पाप तुझं निघालं. सुट्टीत आलास, तुझ्या पुतणीच्या माशांच्या टाकीला खालून फिल्टर जोडून दिलास, आट्यांचे तीन सांधे केलेस, आणि तीनही गळतात. न्यायशास्त्रात धूर दिसला की अग्नी मानतात. आमच्या घरात ओली चटई दिसली की काका मानतात.

आठही मासे बादलीत आहेत. पुतणी तुझ्यावर चिडली आहे. वहिनी माझ्यावर चिडली आहे, कारण तू हाताशी नाहीस.

येत्या पहिल्या तारखेपासून तू कारखान्यात वाफेच्या लाइनचा मुख्य फिटर होणार हे कळलं. अभिनंदन. फक्त वाफ म्हणजे मासे नव्हेत, ती बादलीत काढून ठेवता येत नाही, एवढं असू दे ध्यानात. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला साहेब आले म्हणून ठेवतोस, म्हणून हे पत्र.

माया आहेच, सध्या राग तिच्या वर तरंगतोय.

दादा


ता. ९ जून

ती. स्व. दादास साष्टांग नमस्कार.

बावीस वर्षं पाईप जोडतोय. सांधा गळतो असं पत्राने कळवणारा तू पहिला. लोखंडाचं काम सरळ असतं. सूत गुंडाळा, सफेदा फासा, पाना मारा, विषय संपला. तुमच्या टाकीला सफेदा चालत नाही, मासे मरतात, म्हणून ती पांढरी टेप वापरली. चांगले बारा वेढे दिले. वर पाईप पान्याने कर्रकन आवळलं. याहून घट्ट माणसाने काय करायचं? माल फालतू आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून तूच आणलास, त्या दुकानदाराला जाऊन धर, मला नको.

आणि स्वतः कशाला हात लावू नकोस. खिळा ठोकताना अंगठा फोडून घेणारा माणूस तू, वहिनीला विचार. साहेबांनी लाइनसाठी माझं एकट्याचं नाव दिलंय. गरम पाईपांच्या मध्ये हात घालून व्हॉल्व्ह बसवायचे असतात तिथे. मला तुमच्या चटईचा विचार करायला सवड नाही.

लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पचवून घे. वहिनीला नमस्कार, पुतणीला सांग चिडू नको.

धाकटा


ता. १६ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद, तेही दातओठ खाऊन.

सांगितल्याप्रमाणे दुकानदाराला धरायला गेलो. तुझ्या सांध्यांची तिन्ही सॉकेट काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा कपाळावर चढवला, तुकडे उजेडात फिरवले आणि मलाच धरलं. हे काम बैलाकडून करून घेतलंत का, असं चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं. तिन्ही सॉकेटना उभी चीर आहे, बाहेर पान्याच्या दातांचे वळ आहेत. माल चोख आहे. प्लास्टिकच्या आट्यांवर टेपचे तीन-चार वेढे पुरतात, तेही आटे फिरतात त्याच दिशेने. मग नुसत्या हाताने घट्ट करायचं आणि वर फार तर अर्धा फेरा. बारा वेढ्यांनी सॉकेट आतून ताणलं जातं, त्यावर पाना मारला की तडकतं.

नवीन तीन आणली आणि मी बसवली. मी, अंगठाफोड्या. पाच दिवस झाले, टिपूस नाही. मासे स्वगृही परतले आहेत. तुझी वहिनी माझ्याकडे लग्नानंतर प्रथमच आदराने बघते आहे.

हसू नकोस. मला यानेच जास्त संताप आला आहे. जे मला पाऊण तासात जमलं ते तुला ठाऊक नव्हतं, असं सांगू नकोस. गेल्या वर्षी कपडे धुण्याच्या यंत्राचा प्लास्टिकचा नळ तू दोन बोटांनी बसवलास. मी विचारलं, पाना नको? तेव्हा म्हणालास, "दादा, कुठे थांबायचं ते हात सांगतो." या वेळी हाताने का सांगितलं नाही?

मग पुतणीला खोदून विचारलं. तुला टेपच्या रिळाचं टोक सापडत नव्हतं म्हणे. बराच वेळ नखाने खरवडलंस, शेवटी तिलाच शोधायला लावलंस आणि घरात बोलू नको म्हणून बजावलंस. माझ्या पोरीला लपवाछपवी शिकवायला तुला मी बोलावलं होतं का?

तुझ्या बोटांना कळत नाही का? हो की नाही, तेवढं लिही.

दादा


ता. २० जून

दादा, मायना लिहायच्या मनःस्थितीत मी नाही.

पोरीची साक्ष काढतोस? तुकडे दुकानात मांडून माझी लाज काढतोस? रोज आठ तास त्या थरथरत्या मशिनने भोकं पाडून बघ, तुझीही बोटं बधिर होतील. सगळ्यांची होतात, कुणी बोंब मारत नाही. डावा हात तर अगदी ठणठणीत आहे. मी डाव्याने करीन.

डॉक्टरकडे गेलो की कागद साहेबांच्या टेबलावर जातो. मग फाटकाशी खुर्ची टाकून देतात, येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहायला. माझ्या आधीच्या फिटरचं तेच केलं. लोक त्याला हाक मारतात ती गंमत म्हणून. बावीस वर्षांनी मी तिथे बसू? उद्या तुला अक्षरं दिसेनाशी झाली तर मुख्याध्यापकांना पहिल्या दिवशी जाऊन सांगशील? नाही सांगणार. मग मला शहाणपणा शिकवू नकोस.

दहा दिवस राहिलेत. कुणाजवळ एक शब्द काढलास तर मला भाऊ म्हणू नकोस.

धाकटा


ता. २४ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद, नको असले तरी.

डोळ्यांचं लिहिलंस ते बरोबर आहे. मीही लपवलं असतं. वर्ग पाठ आहे, पुस्तक नुसतं हातात धरून वर्ष काढलं असतं. म्हणून तुला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. तरी करतो, कारण थोरला आहे आणि दुसरं काही येत नाही. पण माझे डोळे गेले तर एखादा श्लोक चुकेल. तुझं तसं नाही. आणि डावा ठणठणीत आहे असं तू लिहिलंस, त्यात उजव्याचं उत्तर आलं.

गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो आहे. रजा टाकली. तुझ्या कारखान्याशी ज्याचा संबंध नाही अशा डॉक्टरकडे आधी आपण दोघं जाऊ. नंतर साहेबांकडे तू जायचंस. पहिल्या तारखेच्या आत गेला नाहीस तर मी जाईन. भाऊ म्हणू नकोस, चालेल. हात शाबूत असलेला परका माणूस मला पुरेल.

एक गोष्ट मी कोणत्याच पत्रात लिहिली नाही. तू निघालास त्या सकाळी दुधाचं उकळतं पातेलं उघड्या हाताने, कडेला धरून उतरवलंस. माझ्याशी गप्पा मारत सगळ्यांचे पेले भरलेस. तुझी वहिनी ओरडली तेव्हा कुठे तू तळव्याकडे पाहिलंस आणि हसलास. मीही हसलो. फिटरचा हात आहे, राकट असायचाच, असं म्हणालो. तीन आठवडे तुझ्यावर आग पाखडतो आहे; त्यातली निम्मी त्या माझ्या हसण्यावरची आहे.

मला भीती वाटते, धाकट्या. तुला भाजेल, आणि तुझ्याआधी ते दुसऱ्या कुणाला तरी कळेल. त्या लाइनवर वहिनीसारखं ओरडायला शेजारी कुणी नसेल.

तुझाच,
दादा