एल्साला परत पाठवताना

शिरपूर, मंगळवार, एप्रिल १९२५

हे मराठीतच लिहिते, म्हणजे मायदेशाहून आलेल्या नव्या मुलींना वाचता येणार नाही. एल्सा आज पुन्हा रडली. "मला घरी पाठवा," म्हणाली. येऊन सात महिने झाले, पण पेटीतले कपडे तिने अजून बाहेर काढलेले नाहीत. मी म्हटलं, "होईल सवय." मिशनची प्रमुख म्हणून धीर दिला? की ती गेली तर दवाखान्यात माझ्या जागी कोणी उरणार नाही आणि माझी घरी जायची रजा जाईल म्हणून? नऊ वर्षं आईला पाहिलेलं नाही. ती भरलेली पेटी रोज दिसते आणि मी रोज नजर फिरवते.

आमच्याबरोबर गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरणाऱ्या राहेलबाई संध्याकाळी सरळच म्हणाल्या, "बाई, तिना जीव आठे नही शे. पोरले घर जाऊ द्या."

"मग दवाखाना कोण पाहील?"

"तुम्ही शेतस ना."

हो, मी आहेच. बाहेरून कडी लागल्यासारखं वाटलं.

वरिष्ठांना पत्र लिहिलं. एल्साला परत पाठवावं, माझी रजा पुढे ढकलावी. तिला सांगितलं तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले.

"आणि तुम्ही कधी येणार?"

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

तिला ते खरं वाटलं.