पेनड्राइव्ह काढल्यावर

आई, आज तुझी आठवण चुलीपाशी नाही, शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरपाशी आली. तू गेलीस तेव्हा आपल्या वाडीत हे यंत्र कुणी पाहिलंही नव्हतं, म्हणून सगळं सांगावं लागेल. तळेघरच्या अलीकडं एका वाडीतल्या शाळेत मी शिकवते. कुणीतरी देऊन टाकलेले चार-पाच कॉम्प्युटर आमच्याकडं आहेत, बटण दाबलं की नुसते कण्हणारे. हेडमास्तर म्हणाले, शनिवारी टेम्पो येतोय, भंगारात घालू. माझ्या सातवीच्या पोरींनी त्यांच्यावर अजून स्वतःचं नावसुद्धा उमटवलं नव्हतं. मला लई राग आला. म्हटलं, एक चालू करून दाखवते, मग बाकीच्यांचं ठरवा. ते म्हणाले, बघा बाई, शनिवारपर्यंत वेळ आहे.

आमची एक जुनी विद्यार्थिनी अवसरीला इंजिनिअरिंगला आहे. तिनं मला बोटाएवढा पेनड्राइव्ह दिला. त्यात लिनक्स आहे, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, ते फुकट असतं आणि म्हाताऱ्या मशीनवरही पळतं, म्हणाली. मी तो खोचला, लिनक्स मशीनमध्ये उतरवताना ते विचारेल त्याला हो हो म्हणत गेले, आणि कॉम्प्युटर झकास सुरू झाला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग मी पेनड्राइव्ह काढून घेतला, पुन्हा बटण दाबलं, तर समोर काळाकुट्ट पडदा. सुरू करायला काही सापडत नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं. पेनड्राइव्ह लावला की जिवंत, काढला की गेला. हेडमास्तर दारातून बघत होते. म्हणाले, "बाई, एवढे कॉम्प्युटर अन् किल्ली एकच, तीबी उसनी. कसं व्हायचं?" पोरी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या मला शेजारच्या काकींचं दार दिसायला लागलं. मी लहान आहे. पावसाळ्यानं काड्यापेटी सादळलीय, आपली चूल थंड आहे, आणि मी गोवरीच्या तुकड्यावर काकींच्या चुलीतला निखारा घेऊन पळत येतेय. रोजचंच झालंय ते. त्या दिवशी तू मला उंबऱ्यातच अडवतेस. "चूल आपली, लाकडं आपली, अन् विस्तव रोज दुसऱ्याचा व्हय गं? आजचा आणलास तो आण. पर त्यातला एक रातच्याला राखंत झाक." रात्री तू मला ऐनाच्या लाकडाचा जाड निखारा राखेत पुरायला लावलास. सकाळी मी राख बाजूला केली, तर आत तो लालबुंद. मला इतका आनंद झाला होता की मी काकींना सांगायला पळाले.

आई, अगदी तसंच झालं होतं. लाकडं सगळी कॉम्प्युटरमध्ये होती, विस्तव तेवढा पेनड्राइव्हवर राहिला होता. रेंजसाठी पाण्याच्या टाकीपर्यंत चढून गेले आणि अवसरीच्या त्या पोरीला फोन लावला. ती हसली. म्हणाली, सुरू करणारा भाग चुकून पेनड्राइव्हवरच बसलाय. पेनड्राइव्ह लावूनच आत जायचं आणि आतून तो भाग मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर टाकायचा. तिनं एक ओळ लिहून पाठवली. ती टाइप करताना माझी अक्षरं दोनदा चुकली. मग पेनड्राइव्ह उपटला, बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले, खोटं कशाला बोलू. पोरींच्या ओरडण्यानंच उघडले. हेडमास्तरांनी तिथंच फोन काढून टेम्पोवाल्याला सांगितलं, "भाऊ, शनिवारचं राहू द्या." उद्यापासून दुसरा कॉम्प्युटर उघडायचा आहे, आणि आता ओळ पोरीच टाइप करणार आहेत.

हे सगळं मी त्याच कॉम्प्युटरवर लिहितेय. तुला कुठं पाठवणार, आणि छापणार तरी कशानं, आमचा प्रिंटर अजून बंदच आहे. पण एक कबूल करते. तो पेनड्राइव्ह मी पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवलाय, आणि मघाशी हे लिहायला बटण दाबतानाही माझा हात आधी पर्सवर गेला. तू असतीस तर रागावली असतीस, असं वाटलं होतं. मग आठवलं, तू गेल्यावर मी चूल सारवत होते, तेव्हा वरच्या कोनाड्यात हात घातला, तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली तुझी काड्यापेटी सापडली होती. कोरडी ठणठणीत.