त्यांच्या हातची जिलबी

सर,

गेल्या आठवड्यात लेकीच्या क्लबकडून ईमेल आली आणि मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हा राग धाडायचा कुठे, हाही प्रश्नच आहे. इथे जर्मनीत, नेकारसुल्ममध्ये, मुलींच्या बास्केटबॉल लीगचे गट दरवर्षी नव्याने पाडतात, त्याला श्टाफेल म्हणतात. शेजारच्या गावाचा संघ आम्हाला कायम हरवत आलाय. त्यांच्याशी सामना असला की आजी-आजोबासुद्धा हॉलमध्ये येऊन बसतात. यंदा आम्हाला त्या गटातून उचलून दूरच्या एका कच्च्या गटात टाकलंय. ट्रेनर खूश आहे. "गेनाऊ, आता माइस्टर आपणच," असं तो मला पार्किंगमध्ये सांगत होता, म्हणजे विजेतेपद ठरलेलंच. घरी आल्यावर मी लेकीला विचारलं, "अगं, पण हरवणार कोणाला?" बुटांच्या नाड्या सोडत ती म्हणाली, "इस्ट डोख एगाल, आई." काय फरक पडतो, म्हणे.

मला फरक पडतो. आपल्या कॉलेजमागचं ते सिमेंटचं कोर्ट, सामन्याच्या सकाळी तुम्ही स्वतः फक्कीने आखलेल्या रेघा, आणि दरवर्षी विद्यापीठाच्या गावी फायनल, समोर तेच, तिथलं कॉलेज. दोन्ही कॉलेजांत एक रीत होती. हरलेल्या संघाने जिंकलेल्यांना जेवायला वाढायचं. कोणी सुरू केली कोण जाणे, पण तुम्ही ती कधी चुकवू दिली नाहीत. मी दोन वर्षं वाढलं. पहिल्या वर्षी मसालेभात वाढताना रडू फुटत होतं, तर तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, "ए बये, डाव नीट धर. ताटाबाहेर सांडू नकोस." त्यांची कॅप्टन, आमच्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, माझ्याकडे न बघता ताट पुढे करते. जिलबी वाढली की म्हणते, "आणखी एक." परतीच्या एस.टी.त तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलेले असता. मग मध्येच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "पोरींनो, मला एकदा त्यांच्या हातची जिलबी खायचीय. एकदाच. मग मी रिटायर व्हायला मोकळा."

तिसऱ्या वर्षी आम्ही खाऊ घातली असती तुम्हाला. तयारीच तशी होती. आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्याला नवं विद्यापीठ मिळालं, त्यांची स्पर्धा वेगळी, आपली वेगळी. प्राचार्यांनी पेढे वाटले. फायनलला समोर कोण, तर खो-खोच्या मुली, संघ पुरा करायला ऐनवेळी आणलेल्या. बिचाऱ्या बॉल छातीशी धरून पळत होत्या. आम्ही वाट्टेल तशा जिंकलो आणि तुम्ही गुलाल लावून मिरवणुकीत नाचलात. दुसऱ्या दिवशी जिमखान्यात मी म्हटलं, "सर, हे काही जिंकणं नाही." तुम्ही कपाट बंद केलंत आणि म्हणालात, "जिंकलोय ना? मग गप ती शील्ड पुसायला घे." तुम्ही त्या कॉलेजला फोन लावून मैत्रीचा सामना मागितला होता, आणि "आता तुम्ही आमच्यात नाही हो," असं ऐकून फोन खाली ठेवला होता, हे मला शिपाईकाकांकडून नंतर कळलं. मला का नाही सांगितलंत? मी तुमच्याबरोबर बसून रडले असते. त्याऐवजी तुम्ही शील्ड जमवत गेलात. सामन्याला गर्दी येईनाशी झाली. ज्या मुली केवळ खेळासाठी आपल्याकडे प्रवेश घ्यायच्या, त्या तिकडे जाऊ लागल्या. शेवटी तर त्या कोर्टावर स्कूटर लागायच्या. तुमच्या निरोपसमारंभात तुम्ही छाती काढून "माझा संघ अजिंक्य आहे" म्हणालात. मी तिसऱ्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि त्याचं आजही वाईट वाटत नाही.

परवा रविवारी र्युसेल्सहाइमला मराठी मंडळाच्या गणपतीचं जेवण होतं. मी ताट घेऊन रांगेत, आणि जिलबी वाढायला ती, त्यांची कॅप्टन. केस पिकलेत, पण उंची तीच. मी विचारलं, "तुम्ही कॉलेजमध्ये बास्केटबॉल खेळायचात ना?" ती खुलली. "अय्या, तुम्हाला कसं माहीत? कॅप्टन होते मी." मी आपल्या कॉलेजचं नाव सांगितलं. तिने आठवून पाहिलं, अगदी मनापासून. मग म्हणाली, "तुमच्याकडे टीम होती? सॉरी हं, आठवत नाही. तुम्ही दुसऱ्या युनिव्हर्सिटीत ना?"

"हो," मी म्हटलं, "दुसऱ्याच."

मागे लोक खोळंबले होते. "आम्ही तुम्हाला दोन वर्षं वाढलंय," हे तिला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. तिला आठवत नाही यात तिची काय चूक? आपण कोण होतो हे आठवायला समोर कोणी राहायला तर हवं, आणि सर, तुम्ही ते मान्य न करता गेलात. हे सगळं लिहून झालं की कागद जुन्या रद्दीच्या निळ्या डब्यात जाईल. गुरुवारी गाडी येते.

एकच सांगायचं राहिलं. तिने जिलबी वाढली तेव्हा मी ताट मागे घेतलं नाही. म्हटलं, "आणखी एक द्या, आमच्या सरांसाठी." तिने हसत वाढली. तुमचीही मीच खाल्ली, सर.