तुमच्या बुटांतला पारा

आबा, तुमच्या कामाच्या बुटांत पारा सापडला. मी जिथून निवृत्त झाले त्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी बुधवारी दुपारी फोन करून सांगितलं आणि मी मागितला म्हणून सही केलेला कागदही दिला. बूट तेच, कंपनीने दिलेले, जाड चामड्याचे. मागच्या महिन्यात कुंभिवलीच्या घराचे पत्रे बदलायला काढले तेव्हा माळ्यावरची पेटी खाली आली. तिच्यात तुमचा खाकी शर्ट आणि त्यात गुंडाळलेले बूट होते. तळ आणि चामडं जोडणाऱ्या शिवणीत राखाडी कण अडकले होते, टाचणीच्या डोक्याहून बारीक. मी ते बोटाने टोकरणार होते, पण हात मागे घेतला, बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधले आणि बाईंकडे नेऊन दिले. त्या मोजून बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, "बुटात पारा आहे, एवढं मी लिहून देते. वडिलांचा हात त्यानेच थरथरायचा, हे मी लिहून देणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "हे कपडे घरी कोण धुवायचं?" मी म्हटलं, आई.

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. त्याआधीपासून आजपर्यंत मी एकाच विषयावर जगले आहे. आपल्याकडच्या जुन्या रसविद्येच्या पोथ्या, त्यांतल्या भट्ट्या आणि मुशी, पारा बांधण्याच्या म्हणजे घट्ट करण्याच्या आणि मारण्याच्या म्हणजे त्याचं भस्म करण्याच्या रीती. लोक विचारतात की रसायनीच्या कारखान्यातल्या कामगाराच्या मुलीला हे कुठून सुचलं. मी काहीतरी शहाण्यासारखं उत्तर देते. खरं उत्तर मोहोपाड्याच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात आहे. मी चौथीत असेन. तुम्ही पहिल्या पाळीवरून आला आहात आणि खिशातून इंजेक्शनची रिकामी बाटली काढता. तळाशी चकचकीत थेंब आहे. "बाय, ताट आण," म्हणता. मी ताट आणते, तुम्ही बाटली उपडी करता, आणि तो थेंब फुटतो, पळतो, पुन्हा एक होतो. आई चुलीपाशी भाकरी थापत असते. ती ओरडते, "आवो, जेवायच्या ताटात काय वततायसा?" तुम्ही हसता. "अगं, चांदीचं पाणी हाय. कंपनीत नुसतं लादीवर लोळतंय." मी ती बाटली कंपासपेटीत वर्षभर ठेवली होती. वर्गातल्या पोरी एक थेंब बघायला पेन्सिल द्यायच्या.

लादीवर लोळतंय हे तुम्ही जसं असतं तसं सांगितलं होतं. कॉस्टिक सोड्याच्या प्लँटवर मिठाच्या पाण्यातून वीज सोडायचे, खाली पाऱ्याचा थर वाहायचा, आणि त्या लांब शेडला सगळे सेल हाऊस म्हणायचे. सांडलेला पारा पाण्याच्या झोताने गटारीकडे ढकलायचं काम तुमच्या पाळीकडे होतं. उन्हाळ्यात शेडमध्ये उभं राहवत नसे, म्हणून तुम्ही तोंडावरचं फडकं काढून ठेवायचात. पंधरा वर्षांनी तुमच्या हिरड्या सुजायला लागल्या, तोंडाला वास यायला लागला. तुम्ही गालात लवंग धरायचात. झोप येत नसे. पाहुणे आले की मागच्या दाराने निघून जायचात, तुम्ही, ज्यांना माणसं जमवायची एवढी हौस. आधी बोटं कापायची, मग हात. आणि लवंग, थरथरता हात, तिरसट बोलणं या तीन गोष्टी एका माणसात दिसल्या की आपल्या लोकांनी त्याचा एकच अर्थ काढला. ज्या घरात आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून दारूचा वाससुद्धा आला नव्हता, त्या घराबद्दल.

मी तेव्हा पुण्याला होते, वसतिगृहात. प्रबंधातलं माझं सगळ्यात गाजलेलं प्रकरण पाऱ्याच्या दोषांवर होतं. जुने ग्रंथकार सांगतात की पारा शुद्ध केल्याशिवाय वापरू नये, त्यात विष आहे, आग आहे, मळ आहे, चंचलपणा आहे. मी म्हटलं, ही शब्दकळा शुद्धीच्या विधीची आहे. माणसाला दीक्षेआधी जसं धुतात तसं हे धातूला धुणं आहे, यात प्रत्यक्ष पाहून लिहिलेलं फार थोडं आहे. मार्गदर्शक खूश झाले. एका पोथीत पुढच्या पुढच्या पानांवर लिहिणाऱ्याचा हात बिघडत जातो, रेषा कापतात, शिरोरेघा तुटतात. मी तळटीप दिली: लेखक वृद्ध किंवा निष्काळजी असावा. तो स्वतःच भट्टीपाशी बसणारा असेल, हे मला सुचलं नाही. हस्ताक्षर पाहून माणसाचं वय आणि घाई ओळखणं हा माझा धंदा आहे, आबा. त्याच वर्षांत तुमची पोस्टकार्डं येत होती, दर पंधरवड्याला. परवा ती तारखेप्रमाणे टेबलावर मांडली. पहिल्या वर्षी तुमचं 'चि.' ठसठशीत आहे. चौथ्या वर्षी पत्ता आईने कुणाकडून तरी लिहवून घेतला आहे आणि तुमची फक्त सही आहे, मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखी. मला ती पत्रं आली तेव्हा मी एवढंच वाचलं होतं की सगळे बरे आहेत.

मग तो रविवार. मला पदवी मिळाली म्हणून कुंभिवलीच्या विहारात सत्कार ठेवला होता. पंचशील तुम्हीच घ्यायचात, वर्षानुवर्षं. तुम्ही म्हणायचात आणि सगळे मागून म्हणायचे. त्या दिवशी मेणबत्ती लावायला तुम्ही पुढे गेलात. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली, पण वातीपर्यंत पोचेना, ज्योत इकडेतिकडे फिरत राहिली. तिसरी तुमच्या बोटावर विझली. मागून कुणीतरी म्हणालं, "सकाळ सकाळ लावून आलाय रं!" आणि दोघं-तिघं हसले. माझ्या खांद्यावर शाल होती. पुण्याहून माझ्या दोन मैत्रिणी आल्या होत्या आणि त्या खाली बघत होत्या. मी उठले, तुमच्या हातातली काडेपेटी घेतली आणि म्हणाले, "आबा, आजचा दिवस तरी नको होती घ्यायला." हळू म्हणाले असं मला बरीच वर्षं वाटत होतं. हळू नव्हतं. पुढच्या तीन रांगांना ऐकू गेलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बाय, मी घेत नाय गं." मी मेणबत्ती लावली. मग तुम्ही पंचशील म्हणायला लागलात आणि पाचवं शील आलं, मद्यापासून दूर राहण्याचं. तुम्ही म्हणालात. मागून आवाज आलाच नाही, म्हणजे दोन म्हाताऱ्यांचा आला.

पुढच्या रविवारी पंचशील दुसऱ्या कुणी घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही गेलाच नाहीत. आईने खालापूरच्या बाजारातून कुठल्याशा माणसाकडून दारू सोडवायची पूड आणली. ती तुमच्या डाळीत घालत होती. मी सुट्टीत आले तेव्हा मी समोर जेवत होते. तुम्ही घास घेतलात, थांबलात, म्हणालात, "डाळ कडू हाय आज." आई म्हणाली, "मेथी पडली." तुम्ही तिच्याकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि वाटी संपवलीत. मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं असं मला आता वाटतं. दोन वर्षांनी हातात काही धरता येईना म्हणून कंपनीने घरी बसवलं, आणि त्यानंतरचं पाचवं वर्ष तुम्ही पुरं केलं नाहीत. तुम्ही गेल्यावर विहारात शोकसभा झाली. बोलणारे तुमच्या स्वभावाबद्दल बोलले, कष्टाबद्दल बोलले. शिलाबद्दल कुणी बोललं नाही.

काल, गुरुवारी, मी विहाराच्या सेक्रेटरी काकांकडे गेले. हायवेला त्यांचं टायरचं दुकान आहे, आता मुलगा बघतो, काका खुर्ची टाकून बसलेले असतात. मला बघून नेहमीचं सुरू केलं, "या डॉक्टरीणबाई! एवढी मोठी डाक्टर झालीस, माझं गुडघं काय बघत नाय तू." मी म्हटलं, "काका, रविवारी वंदनेनंतर मला पाच मिनिटं पाहिजेत."

"कशाला गं? परत पुस्तक काढलंस?"

"आबांबद्दल बोलायचंय. ते पीत नव्हते. त्यांच्या अंगात पारा गेला होता." मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा शोधला नाही, कागद तसाच धरून ठेवला.

"माणूस गेला गं आता. कशाला उकरतेस?"

"पीत नव्हते, काका. लोकांनी म्हटलं."

"लोकांनी?" काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "लोकं आदी पन कुजबुजायची, पन आमी इस्वास ठेवला नवता. मी सवता सांगायचो, तो नाय घेणार. तूच बोललीस की सगळ्यांसमोर. आमी म्हटलं, येवडी शिकलेली पोर, बापाबद्दल खोटं कशाला बोलंल? आमाला काय ठावं पाऱ्याचं? तुला ठावं पायजे होतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. टायरवाल्या पोराने हवा भरायचं मशीन सुरू केलं. ते बंद झाल्यावर काका म्हणाले, "बोल रविवारी. पाच काय, धा मिंटं घे."

आईला बुधवारी रात्री सांगितलं होतं. ती लसूण सोलत होती. सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हंजी ते खरं बोलत व्हते?" मी म्हटलं, हो. तिने आणखी चार-पाच पाकळ्या सोलल्या. मग म्हणाली, "मंग ती डाळ?" ती उठून हात धुवायला गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. कपडे कोण धुवायचं, हा बाईंनी विचारलेला प्रश्न मी तिला सांगितलेला नाही.

पुराव्याचं म्हणाल तर आबा, तो अजून अपुरा आहे. बूट आहेत, पोस्टकार्डं आहेत, तुमच्या पाळीतला एकजण आपटा रोडला मुलीकडे राहतो आणि त्याचाही हात कापायचा असं काका म्हणतात. कंपनी बंद झाली, तिथले कागद कुठे गेले कुणाला ठाऊक नाही. विद्यार्थ्याने एवढ्यावर निष्कर्ष काढला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं. पण त्या रविवारी माझ्याकडे कसला पुरावा होता? तीन वाया गेलेल्या काड्या. तेवढ्यावर मी निकाल दिला, आणि माझ्या नावामागची पदवी त्याला शिक्क्यासारखी लागली.

परवा सकाळी दहाला वंदना आहे. पंचशील होईल, पाचवं शील होईल, मग काका माझं नाव पुकारतील. आई पुढच्या रांगेत बसणार आहे, तिने पांढरं पातळ काढून ठेवलं आहे. माझं भाषण दोन पानांचं आहे, दोनदा लिहून झालं आहे. पाऱ्याचं त्यात सगळं आहे, सेल हाऊस आहे, बाईंचा कागद आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून इथे सांगते. तुमच्याबद्दलचं ते वाक्य दोन्ही खेपांना मी असं लिहिलं आहे: त्या काळात त्यांच्याविषयी असा गैरसमज रूढ झाला. कुणी रूढ केला, ते त्यात नाही. आज शुक्रवार. ते वाक्य मी अजून बदललेलं नाही.