सिनेमातली नर्स

रविवार, संध्याकाळ

ती नर्स कुठून आली? सिनेमा बघून आल्यापासून डोक्यात तेच.

आमच्या ह्यांच्यावर सिनेमा निघाला याचंच मला अजून हसू येतं. लग्नाआधी हे सैन्यात कॅमेरामन होते, लढाईचं चित्रण करायचे. घरी मात्र नातीच्या वाढदिवसाचे फोटो काढताना सगळ्यांची डोकी कापतात. आज चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर अर्धं गाव माणिकपूरच्या थिएटरात. पडद्यावरचे हे जखमी होऊन पडले आणि एक सुंदर नर्स त्यांचा हात धरून गाऊ लागली.

"ही कोण?" मी अंधारातच विचारलं.

"मला काय ठाऊक? माझी मलमपट्टी एका मिशीवाल्या हवालदाराने केली. शिव्या देत."

मग पडद्यावरच्या ह्यांनी कॅमेरा टाकून जखमी सोबत्याला पाठीवर घेतलं. "हेही खोटंच ना?" मी म्हटलं. बघते तर हे डोळे पुसत होते. इतक्या वर्षांत मला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं! त्यानंतर भांडायचं तरी कसं? पण नर्स काही डोक्यातून जाईना.

बाहेर पडताच शेजारच्या रोझीबायने गाठलं. "बावतीसभाऊ, त्या नर्सचं पुढे काय झालं?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "लग्न केलं. ही काय!"

सगळे माझ्याकडे वळले. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, रक्त दिसलं की मला घेरी येते. खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात रोझीबाय म्हणाली, "तरीच! अजून तशीच दिसतेस."

मग मी गप्पच बसले.