देवयानीची टाकी

पार्सिपनी, ८ ऑक्टोबर २००६

प्रिय देवयानी,

सून म्हणून तुला पत्रात 'चि. सौ.' लिहायचे. घटस्फोटानंतरचं हे पहिलंच पत्र, पेन तिथेच अडलं. म्हणून नुसतं प्रिय. पत्ता ऋषीकडून नाही, शेजारच्या रेखाकडून घेतला.

मी जूनपासून इथे आहे. ऋषी सकाळी सातला जातो, रात्री आठला येतो, जेवतो आणि लॅपटॉप उघडतो. तू गेल्यापासून त्याने तुझ्या काचेच्या टाकीला हात लावला नव्हता. शेवाळाने काच हिरवी झालेली. मला वाटलं, आत काही उरलं नसेल. एका दुपारी जवळ बसले तर नखाएवढे लाल झिंगे पानांवर काहीतरी टिपत होते. पाचच होते.

मग मीच घोटाळा केला. त्यांना स्वच्छ वाटावं म्हणून अर्धी टाकी उपसून नळाचं पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत दोघं आडवे झाले. ऋषी म्हणाला, "आई, झिंगेच आहेत ते." टाकीखालच्या खणात तुझी वही सापडली. पहिल्याच पानावर होतं, नळाच्या पाण्यात आधी क्लोरीन मारणारे बाटलीतले थेंब घालायचे. तुझं अक्षर बघत बराच वेळ जमिनीवरच बसून राहिले.

पुढे सगळं वहीप्रमाणे केलं. पालक उकडून घातला. पिल्लं ओढली जाऊ नयेत म्हणून फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधला. ऑगस्टमध्ये एकीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस दिसला. दिवसभर ती पायांनी त्यांच्यावर पाणी हलवत राहायची. चौथ्या आठवड्यात घोस नाहीसा झाला. वाटलं, गेली सगळी. दोन दिवसांनी शेवाळात एक ठिपका चालताना दिसला, मग दुसरा. आता वीस-बावीस असतील. सांगायला घरात कुणी नव्हतं. नागपूरला बहिणीला फोन केला, तर नीला म्हणाली, तळून खा.

ऋषीला हर्नडनला नवी नोकरी लागली आहे. महिनाअखेर हे अपार्टमेंट सोडायचं, मी एकवीसला परत जाते. टाकीचं विचारलं तर म्हणाला, "फ्लश करून टाक." माझ्याने नाही होणार. एखाद्या दुपारी येऊन घेऊन जा. तो घरी नसतो.

आणखी एक आहे. दोन वर्षांपूर्वी तू फोनवर म्हणाली होतीस, "आई, मी काल दिवसभर कुणाशी एक शब्दही बोलले नाहीये." मी म्हटलं, नवरा आहे, घर आहे, मन रमव कशात तरी. तू 'बरं' म्हणालीस. महिनाभराने कळलं, तू टाकी आणलीस. त्यानंतर तू मला मनातलं काही सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. परवा माझाही अगदी तसाच एक दिवस गेला. तुझं ऐकून घ्यायला हवं होतं, पोरी. माझं चुकलं. आलीस तर समोर बसून सांगेन. नाही आलीस, तरी हे तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून लिहिलं.

तुझीच,
सुनेत्रा